चारी बाजूंनी समुद्र असून बहरीन वाळवंट का आहे?

प्रश्नकर्त्यांना नोकरीनिमित्त कुटुंबासह बहरीनला जायचे आहे. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत: चहूकडे समुद्र असलेल्या बेटावर पाऊस का पडत नाही, नदी-तलाव नसताना तिथली पंधरा लाखांवर माणसे कोणते पाणी पितात, आणि तिथली हवा आपल्याला मानवेल का. भूजलाच्या कामात माझी वीसहून अधिक वर्षे आखातात गेली आणि त्यांतली बहुतेक बहरीनमध्ये गेली, त्यामुळे उत्तर थोडे सविस्तर देतो. तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. बहरीनचा भूगोल नुसता नकाशा पाहून कळत नाही, तो जमिनीखालच्या खडकापासून वर समजून घ्यावा लागतो.

आधी जागा पाहू. सौदी अरेबियाचा पूर्व किनारा आणि कतारचा द्वीपकल्प यांच्यामध्ये, साधारण २६ अंश उत्तर अक्षांशावर, ही बेटे आहेत. म्हणजे आपल्या जैसलमेरच्या किंचित दक्षिणेला. मूळची नैसर्गिक बेटे ३३ असल्याचे सांगतात. भराव घालून केलेली धरली तर आज आकडा कितीतरी मोठा होतो. देश म्हणून क्षेत्रफळ ७८० चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम तालुक्याएवढे. मुख्य बेट उत्तर-दक्षिण सुमारे ५० किलोमीटर लांब आणि १५ ते १८ किलोमीटर रुंद आहे. राजधानी मनामा त्याच्या ईशान्य टोकाला, तिला पुलांनी जोडलेले मुहर्रक बेट शेजारी, सित्रा पूर्वेला, आणि हवार बेटे दूर आग्नेयेला, अगदी कतारच्या किनाऱ्यालगत. या हवार बेटांवरून दोन देशांत दीर्घकाळ वाद होता; २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ती बहरीनची ठरवली. पश्चिमेला सौदीशी जोडणारा २५ किलोमीटरचा किंग फहद सेतू १९८६ मध्ये खुला झाला.

मुख्य बेटाची रचना मात्र नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. हे बेट म्हणजे चुनखडकाचा एक लांबट घुमट आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी उथळ समुद्रात साचलेले थर पुढे खालून उचलले गेले, पालथ्या परातीसारखे वर फुगले, आणि मग त्या फुगवट्याचा माथा वाऱ्यापाण्याने झिजून गेला. त्यामुळे बेटाच्या मध्यभागी उंचवटा असायला हवा तिथे खोलगट भाग आहे, त्याभोवती आत तोंड केलेल्या कड्यांची कडा आहे, आणि खोलगटाच्या मधोमध न झिजता उरलेली एक टेकडी उभी आहे. ती जबल अद्-दुखान, म्हणजे धुराचा डोंगर. दमट दिवसांत तिच्याभोवती धुरकट पडदा असतो, त्यावरून हे नाव पडले असे सांगतात. देशातले सर्वांत उंच ठिकाण तेच, आणि उंची जेमतेम १३० मीटरच्या आसपास. पुण्याच्या पर्वतीहून ते फारसे वेगळे वाटणार नाही.

या टेकडीच्या पायथ्याशी १९३२ मध्ये तेल लागले. आखाताच्या अरबी बाजूला लागलेले हे पहिले तेल. ज्या घुमटाने खोलवर तेल अडवून धरले, त्याच घुमटाने पाणी धरणारे थर वर, पृष्ठभागाजवळ आणले. बहरीनच्या इतिहासातल्या दोन्ही संपत्ती अशा एकाच खडकाच्या वळणातून आलेल्या आहेत.

आता पाऊस. वर्षाला सरासरी ७० ते ८० मिलिमीटर. आपल्या माण-खटावसारख्या दुष्काळी पट्ट्यातही याच्या पाच-सहा पट पाऊस होतो, आणि जैसलमेरला होतो त्याच्या निम्म्याहूनही हा कमी आहे. समुद्र आहे म्हणजे वाफ आहे, वाफ आहे म्हणजे ढग हवेत, असा आपला साधा हिशोब असतो आणि कोकणात तो खराही ठरतो. पण पाऊस पडायला हवेत ओलावा असून भागत नाही. ती हवा वर चढावी लागते, थंड व्हावी लागते. सह्याद्री हे काम करतो. बहरीनवर नेमके उलटे घडते. पृथ्वीच्या या पट्ट्यात हवा वरून खाली उतरत असते, उतरताना दाबली जाऊन तापते आणि कोरडी होते. समुद्राने दिलेला ओलावा त्या कोरड्या, उष्ण झाकणाखाली जमिनीलगतच्या थरात कोंडून राहतो. वर जायला वाट नाही, म्हणून ढग नाहीत, म्हणून पाऊस नाही.

मराठी वाचकाने यात एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. जून ते सप्टेंबर आपल्याकडे मोसमी पाऊस कोसळत असतो, तेव्हा भारत आणि बंगालच्या उपसागरावर प्रचंड प्रमाणात हवा वर चढते. तिच्या प्रतिसादात पश्चिमेकडे, म्हणजे इराण-अरबस्तानापासून भूमध्य समुद्राच्या पूर्व भागापर्यंत, हवा अधिक जोराने खाली उतरते. महाबळेश्वर धुक्यात बुडालेले असते आणि बहरीनवर महिनोन्महिने ढगाचा ठिपका नसतो, या दोन वेगळ्या कथा नाहीत. मला हे प्रथम समजले तेव्हा दोन्ही ठिकाणांकडे पाहण्याची माझी दृष्टीच बदलली.

जो काही पाऊस येतो तो नोव्हेंबर ते एप्रिल या काळात, भूमध्य समुद्राकडून पूर्वेला सरकणाऱ्या हवेच्या प्रणालींबरोबर येतो. याच प्रणाली पुढे हिमाचल-काश्मीरला बर्फ देतात; आपल्या वेधशाळेच्या भाषेत पश्चिमी विक्षोभ. वर्षाचा पाऊस दहा-बारा दिवसांत वाटलेला असतो, आणि कधी कधी एकाच रात्रीत निम्मा पडून जातो. जमीन सपाट, खाली कठीण खडक किंवा क्षारांचा थर, पाणी जायला उतार नाही. त्यामुळे ज्या गावात थेंबासाठी वर्षभर आकाशाकडे पाहावे त्याच गावात दुसऱ्या दिवशी गुडघाभर पाण्यातून मोटारी ढकलाव्या लागतात. एप्रिल २०२४ मधल्या आखाती पावसात दुबईची छायाचित्रे जगभर गेली, पण त्या दिवसांत बहरीनचेही अनेक रस्ते पाण्याखाली होते.

उन्हाळ्याबद्दल लोक नुसते तापमान विचारतात. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी ३८ ते ४२ अंश, क्वचित त्याहून वर. नागपूर-चंद्रपूरचा माणूस यावर भुवई उचलणार नाही. पण नागपूरचा उन्हाळा कोरडा असतो आणि रात्री थोडी सुटका करतो. बहरीनच्या भोवतालचा समुद्र इतका उथळ आहे की ऑगस्टमध्ये त्याचे पाणीच ३३ ते ३५ अंशांवर जाते. संपूर्ण आखाताची सरासरी खोली सुमारे ३५ मीटर आहे आणि बहरीनच्या आसपास कित्येक ठिकाणी ओहोटीला माणूस चालत दूरवर जाऊ शकतो. या तापलेल्या पाण्यामुळे रात्रीचे तापमानही ३० च्या खाली उतरत नाही आणि हवा वाफेने भरून जाते. वातानुकूलित खोलीतून बाहेर पाऊल टाकताच चष्म्याच्या काचा पांढऱ्या होतात आणि दोन-तीन मिनिटे समोरचे दिसत नाही. पहाटे मोटारीच्या काचेवरून पाण्याचे ओघळ वाहतात. नवा माणूस रात्री पाऊस पडला असे समजतो. घाम येतो पण सुकत नाही, आणि घाम सुकला नाही तर शरीर थंड होत नाही. उघड्यावर काम करणाऱ्यासाठी हा धोका खरा आहे. म्हणूनच २००७ पासून ऐन उन्हाळ्यात दुपारी १२ ते ४ या वेळेत उघड्यावर काम करून घेण्यास तिथे कायद्याने बंदी आहे.

घरातली एक गोष्ट सांगतो. जूनपासून गच्चीवरच्या टाकीतले पाणी इतके तापते की ‘थंड’ पाण्याचा नळ सोडला तर हात भाजतो. म्हणून जुने रहिवासी उन्हाळ्यात गीझरची वीज बंद करतात. गीझरची टाकी घराच्या आत, गारव्यात असते, त्यामुळे तिच्यातले पाणी खोलीच्या तापमानाला येते, आणि अंघोळीला ‘गरम’ पाण्याचा नळ सोडून त्यातून गार पाणी घेतात. पहिल्या उन्हाळ्यात आपल्याला हे कोणीतरी शिकवेलच.

उन्हाळ्यातला दिलासा म्हणजे शमाल, वायव्येचा वारा. जून आणि जुलैच्या पूर्वार्धात तो दिवसेंदिवस वाहतो. स्थानिक लोक त्या मोसमी वाऱ्याला बारिह म्हणतात. त्याच्याबरोबर इराकच्या गाळमैदानांतली बारीक धूळ येते, सूर्य तांब्याच्या ताटासारखा दिसतो, दम्याच्या रुग्णाला त्रास होतो. तरीही हवा कोरडी होते आणि घाम सुकतो, म्हणून अनेकांना जुलैपेक्षा ऑगस्टचा उत्तरार्ध अधिक जड जातो. कारण तेव्हा शमाल पडलेला असतो. आग्नेयेकडून येणारा कौस हा वारा दमट असतो आणि हिवाळ्यात तो वाहू लागला की पाठोपाठ पावसाळी हवा येण्याची शक्यता असते. जुने कोळी वाऱ्याच्या दिशेवरून जे सांगत, त्यात मला फारशी चूक कधी आढळली नाही.

माझा खरा विषय पाणी आहे. बहरीनमध्ये एकही नदी नाही, तरी इथे चार-साडेचार हजार वर्षांपूर्वी दिलमून नावाची समृद्ध वस्ती होती, जिचा व्यापार मेसोपोटेमियाशी आणि सिंधू संस्कृतीशी चाले. कलअत अल-बहरीनच्या उत्खननात सिंधू पद्धतीची वजने सापडली आहेत, आणि गुजरातेत लोथलला आखाती धाटणीची मुद्रा मिळाली आहे. सुमेरियन पुराणकथेत एन्की देव दिलमूनला जमिनीखालून गोडे पाणी देतो. भूजलाच्या माणसाला ही कथा वाचताना कथा वाटत नाही, कारण पाणी खरोखरच जमिनीखालून येत होते. बार्बार येथील प्राचीन मंदिराच्या अवशेषांत पायऱ्या उतरून झऱ्याच्या कुंडाकडे जाता येते. आपल्याकडच्या बारवेची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

हे पाणी कुठले? सौदी अरेबियाच्या अंतर्भागात, बहरीनहून कितीतरी उंचावर, हेच चुनखडकाचे थर जमिनीवर उघडे पडलेले आहेत. हजारो वर्षांपूर्वी अरबस्तानात आजच्यापेक्षा पुष्कळ अधिक पाऊस पडत असे, तेव्हा ते पाणी या थरांत मुरले आणि पूर्वेकडे, समुद्राच्या तळाखालून, अत्यंत मंद गतीने सरकत राहिले. अल-अहसा आणि कतीफ ही सौदीची मरूद्याने याच पाण्यावर वाढली. बहरीनच्या घुमटापाशी थर वर आल्यामुळे आणि खडकाला भेगा असल्यामुळे दाबाखालचे हे पाणी आपोआप उसळून बाहेर येई. म्हणजे बहरीन दुसऱ्या प्रदेशावर, दुसऱ्या युगात पडलेल्या पावसावर जगले. उत्तरेच्या किनाऱ्यालगतचा काही किलोमीटरचा पट्टा खजुराच्या बागांनी भरलेला होता, आणि देशाला दहा लाख खजुरांची भूमी म्हणत.

काही झरे तर समुद्राच्या तळातून फुटत. त्यांना कौकब, म्हणजे तारा, म्हणत. पाणबुड्या चामड्याची पिशवी घेऊन खाली जाई, तिचे तोंड दाबून धरी, झऱ्याच्या मुखाशी ते सोडी आणि भरताच पुन्हा घट्ट दाबून वर येई. मोत्यांच्या हंगामात, जून ते सप्टेंबर, गलबतांवरची माणसे खाऱ्या समुद्राच्या पोटातले हे पाणी पीत. ‘बहरीन’ या शब्दाचा अर्थ दोन समुद्र. ते दोन कोणते याबद्दल मते अनेक आहेत, पण एक गोडा आणि एक खारा ही व्याख्या तिथल्या लोकांना सर्वांत जवळची वाटते. या दोहोंच्या मिश्रणामुळेच तिथल्या मोत्याला झळाळी येते अशी त्यांची श्रद्धा होती. आपण स्वाती नक्षत्राचा थेंब शिंपल्यात पडून मोती होतो म्हणतो, तशीच. ते मोती पुढे मुंबईच्या बाजारातच येत.

जमिनीवरच्या झऱ्यांत सर्वांत प्रसिद्ध ऐन अधारी, मनामाच्या दक्षिणेकडे. तिच्याबद्दल म्हण आहे: अधारी दूरच्याला पाजते आणि जवळच्याला विसरते. घरच्यांना सोडून परक्याचे भले करणाऱ्याला आजही असे म्हणतात, पण म्हणीमागे साधे जलशास्त्र आहे. झऱ्याचे पाणी कालव्याने उताराकडे वाहत जाई आणि लांबच्या, सखल बागांना पोहोचे. शेजारच्या जमिनीची पातळी उंच असल्यामुळे ती कोरडी राही.

‘गोडे’ हा शब्द मात्र सांभाळून घ्यावा. हे पाणी मुळातही पूर्ण गोडे नव्हते. लिटरला दोन ग्रॅमहून अधिक क्षार त्यात होते. भारतीय मानकांनुसार पर्याय नसेल तेव्हाची कमाल मर्यादा लिटरला दोन ग्रॅम आहे. पण भोवतालचा समुद्र लिटरला चाळीस ग्रॅमहून अधिक खारा असताना हे पाणी गोडेच वाटणार, आणि खजूर ते आनंदाने पीत असे.

१९२५ च्या सुमारास फ्रँक होम्स या न्यूझीलंडच्या माणसाने शेखांसाठी पाण्याच्या विहिरी खोदून दिल्या. त्या यशस्वी झाल्या आणि त्याला तेल शोधण्याचा परवाना मिळाला. पाण्याच्या विंधन विहिरींनी तेलाचे दार उघडले. पुढे तेलाच्या पैशाने पंप आले, लोकसंख्या वाढली आणि पाण्याचा उपसा येणाऱ्या प्रवाहाच्या कितीतरी पुढे गेला. थरातला दाब उतरला. दाब उतरला की वर उसळणारे पाणी थांबते, आणि ते थांबले की समुद्राचे व खालच्या थरातले खारे पाणी त्याच वाटेने आत शिरते. एकामागून एक झरे आटले. अधारीही आटली; आज तिथे उद्यान आहे आणि कुंडात बाहेरून पाणी सोडलेले असते.

उत्तर-पश्चिमेकडच्या एका बागेत मी काही वर्षे नियमाने विहिरीच्या पाण्याचे खारेपण मोजायला जात असे. प्रत्येक खेपेला मीटरचा आकडा थोडा वर असे, पण आकड्याआधी झाडे सांगत. खजुराच्या झावळीची टोके आधी पिवळी, मग तपकिरी होऊन जळल्यासारखी दिसत. बुंध्याच्या आळ्यात पाणी सुकले की पांढरी पापुद्र्यासारखी साय उरे, आणि ती बोटाने उचलून जिभेवर ठेवली की तोंड कडवट होई. बागेच्या मालकाचे आजोबा त्याच विहिरीचे पाणी पीत, वडील त्यावर लसूणघास काढीत, आणि त्याच्या हाती आले तेव्हा ते खजुरालाही सोसेना. तीन पिढ्यांत एवढे झाले. मी अहवालात क्षारांचे प्रमाण लिहीत असे. त्या माणसाच्या चेहऱ्यावरचे लिहायला तक्त्यात रकाना नव्हता.

आज नळाला येणारे पाणी जवळजवळ सर्व समुद्राचे खारेपण काढून केलेले आहे. सित्राचा प्रकल्प १९७५ मध्ये सुरू झाला, पुढे हिद्द आणि अद्-दूर येथे मोठे प्रकल्प आले. रास अबू जर्जूर येथे खोल थरातले मचूळ भूजल शुद्ध करतात. आपण ज्या पाण्याने भात शिजवाल ते नैसर्गिक वायूची ऊर्जा खर्चून केलेले असेल, हे मनात असू द्यावे. समुद्रावर तेलाचा मोठा तवंग आला, जसा १९९१ च्या युद्धात उत्तर आखातात आला होता, तर अशा देशाचा घसाच धरला जातो.

समुद्रालाही मर्यादा आहेत. पाऊस ७०-८० मिलिमीटर आणि उघड्या पाण्याचे बाष्पीभवन वर्षाला दोन मीटरच्या घरात, त्यामुळे आखात आधीच महासागराहून खारे आहे, आणि बहरीनच्या दक्षिणेकडे सल्वाच्या आखातात तर खारेपणा ५० ग्रॅमच्याही पुढे जातो. तरी या पाण्यात समुद्री गवताची कुरणे आहेत आणि त्यांवर चरणारे डुगाँग, म्हणजे समुद्रगायी, आहेत. १९८६ मध्ये बहरीन आणि कतारच्या मधल्या पाण्यात सहाशेहून अधिक डुगाँगांचा एकच कळप विमानातून मोजला गेला होता. तुबली उपसागरात तिवरांचे उरलेले वन आहे, आपल्या खाड्यांत असते तेच तिवर, फक्त खुरटे. भरावाने हा उपसागर निम्म्याच्या आसपास आक्रसला आहे. १९७० च्या दशकात देशाचे क्षेत्रफळ साधारण ६६० ते ६७० चौरस किलोमीटर होते, ते आज ७८० च्या वर गेले, ते याच भरावांमुळे. नवी घरे बहुधा अशाच जमिनीवर असतात. ती समुद्रपातळीहून फार उंच नसते, आणि तिच्यातले क्षार काँक्रीटमधल्या सळईला खातात. घर भाड्याने घेताना तळमजल्याच्या भिंतीला खालून फुगवटे आलेत का, हे जरूर पाहावे.

हवा मानवेल का, या प्रश्नाचे उत्तर महिन्यावर अवलंबून आहे. शक्य असेल तर नोव्हेंबरमध्ये जावे. डिसेंबर ते फेब्रुवारी दिवसा २० अंशांच्या आसपास आणि रात्री १४ च्या जवळ असते. वारा असल्यामुळे मुलांना स्वेटर लागतो. मार्च सुखद, एप्रिल-मे धुळीचे, आणि पहिला उन्हाळा येईपर्यंत शरीर थोडे सरावलेले असेल. थंडीच्या दिवसांत जबल अद्-दुखानजवळचे ‘जीवनवृक्ष’ नावाचे झाड पाहून यावे. ते आपल्या शमीच्या कुळातले आहे, सुमारे चारशे वर्षांचे मानतात, आणि आसपास दुसरा मोठा वृक्ष नाही. त्याला पाणी कुठून मिळते याची अनेक गूढ उत्तरे ऐकायला मिळतील. या कुळातल्या झाडांची मुळे फार खोल आणि दूरवर जातात, एवढे मी खात्रीने सांगू शकतो.

ऑगस्टच्या अखेरीस पहाटे दक्षिण क्षितिजावर सुहैल तारा दिसू लागला की उन्हाळा मोडला असे अरब लोक मानतात. लगेच गारवा येत नाही, दमटपणा पुढे महिनाभर तरी असतो, पण रात्री हळूहळू सुसह्य होऊ लागतात. सुहैल म्हणजे आपला अगस्त्य. त्याचा उदय झाला की पावसाचे गढूळ पाणी निवळते असे आपल्याकडे म्हणतात. तिथे निवळायला पाणी नाही, पण लोक त्याच ताऱ्याची वाट पाहत असतात. आपणही पहिल्या वर्षी त्या पहाटे गच्चीवर जाऊन तो पाहावा.